रोपाशेजारी उभी

मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलंय आणि माझी उंची पाच फुटांहून बरीच कमी आहे. नोकरी मला पहिल्या गोष्टीमुळे मिळाली, असं मी पुष्कळ दिवस समजत होते.

काम होतं शहराबाहेर, कोलार रोडच्याही पलीकडे, एका बंद दगडखाणीवर. कंपनीने खड्डे बुजवून वर माती पसरली होती आणि शिसम, करंज लावले होते. ती झाडं जगताहेत का, हे दर हंगामाला बघून, कंपनीनेच पैसे देऊन नेमलेल्या आमच्या संस्थेने सरकारी समितीला कळवायचं. समिती एकदा ‘झाडं रुजली’ म्हणाली की कंपनी सुटली. मग पाण्याचा टँकर बंद, राखणदार बंद.

आमचे साहेब ग्वाल्हेरकडचे मराठी. मिसरोदला आमच्या घरी दिवाळीत चकल्या खाऊन गेलेले. ‘आपलीच पोरगी आहे’ म्हणून त्यांनी मला घेतलं. फोटोत झाडाची उंची कळावी म्हणून शेजारी लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी उभी करतात. आमची काठी गाडीत धूळ खात पडायची. साहेब म्हणायचे, “माणूस असला की फोटोत जान येते. तू हो उभी.” मग म्हणायचे, “चपला काढ.” मग, “जरा मागे सरक.” घरी मला बघायला पाहुणे आले की आई उंच टाचांच्या चपला पुढे करायची, आणि इथे मी तापलेल्या खडीवर अनवाणी. ड्रायव्हरला तर हसण्याच्या उकळ्या फुटायच्या. “मैडम, आप न होतीं तो ये जंगल ही न होता,” तो म्हणायचा, आणि साहेब त्याला कधी गप्प करायचे नाहीत.

शेवटच्या उन्हाळ्यात झाडं खुरटली. मी उकरून पाहिलं, तर मुळं खाली दगडाला अडून आडवी पसरली होती. आणखी काही उन्हाळे पाणी घालत राहिलं नाही तर यातलं एकही जगणार नाही, असं मी अहवालात स्पष्ट लिहिलं. साहेबांनी ते वाचलं, “छान लिहितेस,” म्हणाले आणि ते पान काढून टाकलं. मग फोटोसाठी एका शिसमाशेजारी, मेलेल्या रोपाच्या खड्ड्यात मला उभं केलं. पुढच्या गवताने माझे गुडघे झाकले. “थोडं हस की!” म्हणाले. त्यांच्या थोबाडीत द्यावी, इतका राग आला होता मला. पण तिथे भांडले असते तर त्यांनी मला समितीपुढे नेलंच नसतं. म्हणून मी दात-ओठ खात गप्प राहिले.

समितीच्या बैठकीत मला टेबलाच्या टोकाला बसवलं आणि तोंड उघडायचं नाही असं बजावलं. पडद्यावर मी होते आणि शेजारी शिसम. त्याचा शेंडा माझ्या डोक्याच्या चांगलाच वर.

“इस लड़की की हाइट क्या होगी?” अध्यक्षांनी विचारलं.

“हमारी साइंटिस्ट हैं सर. यही कोई साढ़े पाँच फुट,” साहेब पापणी न लववता म्हणाले.

“वाह. तब तो पेड़ छह के ऊपर हुआ.”

माझं पान तर त्या फाइलीत नव्हतं. पण मी होते ना! मी नुसती उभी राहिले तरी सगळ्यांना दिसणार होतं. खुर्ची मागे सारून मी उठले.

“सर, वो लड़की मैं हूँ. और मुझे गड्ढे में खड़ा किया गया था.”

सगळे माझ्याकडे वळले. अध्यक्षांनी चष्मा पुढे ओढून मला न्याहाळलं आणि मायेने म्हणाले, “हाँ बेटा, बोलो. पर पहले खड़ी तो हो जाओ.”

मी उभीच होते.

अख्खी खोली हसायला लागली. कुणीतरी टेबलावर थाप मारली. साहेब सगळ्यांत जास्त हसले. मी पुन्हा म्हणाले, “गड्ढे में, सर,” तसे सगळे आणखीनच हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “बैठो, बैठो,” म्हणत अध्यक्षांनी एका हाताने डोळे पुसले आणि दुसऱ्या हाताने ‘झाडं रुजली’च्या कागदावर सही केली.

पुढच्या आठवड्यात टँकर बंद झाला. पाऊस यायच्या आत सगळं वाळून गेलं.