ताईची मॅक्सी

आमच्या घरात बाई नाही, हे सोयरिकीच्या बाजारातलं आमचं सगळ्यात मोठं व्यंग. जमीन आहे, बोअरला पाणी आहे, दोन म्हशी आहेत, सास्तूरला भूकंपानंतर पुनर्वसनात मिळालेलं घर आहे. पण राहणारे आम्ही तिघं, आणि तिघंही बिनलग्नाचे. साठी ओलांडलेले काका, छत्तिशीतला दादा आणि त्याच्या मागं रांगेत उभा असलेला मी. आई भूकंपात गेली तेव्हा मी अंगावर पिणारा होतो. वडील ट्रकवर असायचे, काही वर्षांनी तेही गेले. काकांनी आम्हा भावंडांना वाढवलं आणि त्यांचं लग्न राहून गेलं, असं गावात सांगतात. 'राहून गेलं' हे लहानपणी मला बस चुकल्यासारखं काहीतरी वाटायचं. दादाला एकामागून एक नकार यायला लागले तेव्हापासून त्या दोन शब्दांची मला धास्ती बसली. काका ओट्यावर एकटे तंबाखू मळत बसलेले दिसले की मला म्हातारा झालेला दादाच दिसायचा.

अशात वाशी तालुक्याकडचं स्थळ आलं. मुलीनं दादाला एका लग्नात पाहिलं होतं आणि तिची हरकत नव्हती, हे ऐकून आम्ही दोन दिवस एकमेकांशी नीट बोलत होतो. उरलं होतं फक्त पाहुण्यांनी घर बघणं. मध्यस्थानं बजावलं होतं की ह्या वेळी काही घाण करू नका, ह्याच्यापुढं माझ्याकडं स्थळ नाही.

त्याच आठवड्यात सासरी असलेल्या आमच्या ताईला सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. दाजींच्या आईचं अर्धं अंग लुळं पडलेलं, त्यामुळं लेकरं सांभाळायला त्यांच्याकडं कोणी नाही. दाजी जीपमधून दोन्ही पोरं आणि एक पिशवी आमच्या ओट्यावर ठेवून गेले. दोन-तीन दिवसांचा प्रश्न आहे म्हणाले. पुढं ताईच्या टाक्यात पू झाला आणि ते दिवस लांबतच गेले.

भाची पाच वर्षांची आणि जन्मजात मुकादम. भाचा जेमतेम सव्वा वर्षाचा, अजून अंगावरचं न सुटलेला. काकांनी डायपर उलटा बांधला. मी भात इतका शिजवला की तो ताटातून वाहायला लागला. दादानं भाचीची वेणी घातली ती म्हशीच्या दाव्यासारखी. पोरगी ती हातात धरून गावभर दाखवत फिरली. प्रत्येक गोष्टीला तिचं एकच, आई असं करत नाही. लोहाऱ्याचं माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान मी बंदच ठेवलं. गिऱ्हाइकं फोन करून शिव्या घालत होती आणि मला त्या शिव्यासुद्धा गोड लागत होत्या, कारण त्या बोलणारी माणसं निदान रडत नव्हती.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण पोरगं दूध तोंडात घेईना. बाटली फेकली, वाटी उडवली, चमच्यानं घातलेलं बाहेर काढलं. वरणाचं पाणी चार घोट, बस. दुसऱ्या दिवशी त्याच्या रडण्याचा आवाज बारीक झाला आणि मी घाबरलो. डॉक्टर म्हणाले, प्रयत्न करत राहा, नाहीतर सलाईन लावावं लागेल. ताईचा फोन आला की आम्ही तिघं एका सुरात खोटं बोलायचो, मस्त पितोय म्हणून.

तेव्हा काकांनी पिशवी उचकली आणि ताईची न धुतलेली एक मॅक्सी बाहेर काढली. निळी, पिवळ्या फुलांची. म्हैस कशी करते, एवढंच म्हणाले. आमच्याकडं हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हैस एका माणसाच्या हाताची होते. धार काढणारी बाई माहेरी गेली की दुसऱ्या कुणाला ती कासेला हात लावू देत नाही. मग घरातला गडी बाईचं लुगडं अंगावर घेऊन बसतो, म्हैस वास घेते आणि पान्हा सोडते. आता ही युक्ती लेकराला लावायची म्हणजे आमच्यासारख्या म्हसरांत वाढलेल्या माणसांचंच डोकं.

आधी मी घातली. पोरगं मला चावलं. मग दादानं घातली. एवढा धिप्पाड गडी, मिशा भरघोस, मॅक्सी पोटरीपर्यंतच आली. भाची हसून हसून जमिनीवर लोळली. पण पोरानं त्याच्या छातीला नाक लावलं, जरा मुसमुसलं आणि वाटीतलं म्हशीचं दूध चमच्याचमच्यानं पिऊ लागलं.  भाचीनंसुद्धा तोंडावर हात दाबून धरला. वाटी संपली तेव्हा दादाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यानं ते मॅक्सीच्याच बाहीनं पुसलं. त्यानंतर दिवसातून चार-पाच वेळा दादा आई व्हायचा.

आणि मध्यस्थाचा फोन आला, पाहुणे निघालेत.

आम्ही घर झाडलं, मॅक्सी उशीखाली कोंबली, दादानं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. पोराच्या अंगात सकाळपासून कणकण होती आणि पोटात काही नव्हतं. पाहुणे येऊन जाईपर्यंत कळ काढेल, असा आमचा हिशोब. मुलीचा बाप, तिचा मामा आणि मध्यस्थ येऊन बसले. मी चहा केला, तो बरा झाला. बापानं विचारलं, बोअर किती खोल, ऊस कुठल्या कारखान्याला जातो. दादा नीट उत्तरं देत होता. आतून पोराचं रडणं सुरू झालं. काका त्याला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होते, ते मला दारातून दिसत होतं. रडणं वाढलं, मग चिरकलं, मग दम लागल्यासारखं तुटायला लागलं. दादा उसाच्या ठिबक सिंचनाबद्दल सांगत होता आणि मधेच थांबला.

मी डोळ्यांनीच त्याला खुणावलं, बस. पाच मिनिटं बस, बाबा. त्यानं माझ्याकडं पाहिलं, 'आलोच' म्हणाला आणि आत गेला.

रडणं थांबलं.  मी पावसापाण्याचं काहीतरी बोलायला लागलो तर भाची आतून बाहेर आली आणि पाहुण्यांसमोर उभी राहून तिनं सांगून टाकलं, "मामा आई झालाय. आता न्हाई यायचा."

मुलीचा बाप उठला आणि आतल्या दारापर्यंत गेला. मीही मागं गेलो. पांढऱ्या शर्टावर ती निळी मॅक्सी चढवून दादा भिंतीला टेकून बसला होता, पोरगं मांडीवर, चमचा तोंडाशी. त्यानं मान वर करून पाहुण्यांना पाहिलं. लाजला, कानापर्यंत लाल झाला. पण चमचा खाली ठेवला नाही. "बसा तुमी, एवढी वाटी हुंदे," म्हणाला.

पाहुणे बसले नाहीत. हसलेही नाहीत, हे त्यांचं चांगुलपण. कळवतो म्हणाले आणि गेले.

दोन दिवसांनी मध्यस्थानं कळवलं. पोरगी अजून तयार होती, पण बापाचं म्हणणं असं की त्या घरात बाईचं सगळं काम साचून पडलंय, माझी लेक जाईल ती चुलीत आणि पोरांत गाडली जाईल. पोरं बहिणीची आहेत, जातील, असं मी तावातावानं सांगितलं. आज बहिणीची, उद्या आणखी कुणाची, असं उत्तर आलं. मला त्या माणसाचा संताप आला. रागाच्या भरात मी दादालाही बोललो, पाच मिनिटं कळ काढली असती तर काय बिघडलं असतं. तो पोराची दुपटी वाळत घालत होता. त्यानं माझ्याकडं चिमटे तेवढे मागितले.

ताई बरी होऊन आली. दारात तिला बघून पोरगं आधी दादाला बिलगलं, मग तिचा आवाज ऐकून तिच्याकडं झेपावलं. आम्ही ठरवलं होतं की स्थळाचं तिला सांगायचं नाही. भाचीनं अर्ध्या तासात सगळं सांगितलं, मिशांसकट. ताई टाक्यांवर हात दाबून हसली आणि हसता हसता रडायला लागली. तिनं तिथूनच मध्यस्थाला फोन लावला. मुलीचं दुसरीकडं ठरलं होतं.

पोरं गेली त्या संध्याकाळी घर भयाण वाटत होतं. आम्ही तिघंही गोठ्यात जाऊन बसलो. दादा धार काढत होता. काढता काढता, मान न वळवता त्यानं विचारलं, "काका, ती मॅक्सीची युक्ती तुमाला म्हशीवरनं सुचली व्हय?"

काका तंबाखू मळत होते. त्यांनी हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं.

"म्हशीवरनं न्हाय. ह्याच्यावरनं. वैनीचं एक लुगडं ढिगाऱ्यातनं निगालं व्हतं. म्या ते धुऊ दिलं न्हाय कुनाला. पत्र्याच्या शेडात तेच अंगावर घिऊन बसायचो, तवा कुटं हे दूध प्यायचं."

मी विचारलं, लोक हसले असतील.

"हसायला कुनाच्या जिवात जीव व्हता," काका म्हणाले. "हसलं न्हाय कुनी. पर पोरगी द्यायलाबी कुनी आलं न्हाय."

दादाचे हात थांबले. म्हशीनं मान वळवून पाहिलं, तशी ते पुन्हा चालू झाले.  काकांचं लग्न नुसतंच राहून गेलं असं इतकी वर्षं मी समजत होतो, आणि ते माझ्यापायी राहिलं होतं. काकांनी तंबाखू तोंडात टाकली, दादाच्या पुढ्यातली भरलेली चरवी उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, दूध गाळून झाकून ठेव, मांजर तोंड घालतं.