नाव नसलेलं तळं

ती घटना अजून डोक्यातून गेलेली नाही, आणि आता या वयात जाईल असं वाटतही नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, घाटातले अपघात तर मोजायचे सोडून दिले होते. ते सगळं हळूहळू पुसट होतं. हा एक साधा फसवणुकीचा गुन्हा मात्र पुसला जात नाही.

कर्जत तालुक्यात कडावच्या बाजूला भातशेतीचं एक गाव आहे. त्या गावातली काही माणसं हेलिकॉप्टरनं मानसरोवराची यात्रा करून आली. यात्रेहून आलं की मावंदं घालायचं, म्हणजे आणलेल्या तीर्थाची पूजा करून गावाला जेवू घालायचं, ही आपली रीत. वेशीपासून बँड लावून मंडळींना आणलं. रस्ता अडला म्हणून मी दोन शिपाई घेऊन बंदोबस्ताला गेलो, तर गावकऱ्यांनी मलाही पंगतीला बसवलं. पोलिसाला कुणी जेवायला बोलावलं की त्यामागे बहुधा काहीतरी काम असतं. इथं तसं काही नव्हतं. मी ओंजळ पुढे केली, पळीभर तीर्थ घेतलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

वाढणाऱ्या बायकांत एक साठीची विधवा बाई होती. तिला मी ओळखत होतो, कारण तिच्या मुलाच्या अपघाताचा पंचनामा मीच केला होता. एकुलता एक मुलगा, टेंपो चालवायचा. आमच्याकडे बड्या लोकांचे बंगले झालेत, तिथं अधूनमधून हेलिकॉप्टर उतरतं. ते डोक्यावरून गेलं की तो आईला म्हणायचा, "आये, तुला एकदा त्यात बसवनार हाय मी." या यात्रेत दोघांची नावं त्यानंच घातली होती. त्यानंतर घाटात टेंपो उलटला. बाईनं मूठभर अस्थी बाजूला काढल्या. अस्थी घरात ठेवत नाहीत, म्हणून दारातल्या जांभळीला पिशवी टांगली. "मेलेल्याला असं टांगून ठेवू नये गं," असं बायका सांगत. हिचं एकच उत्तर, "त्याला हेलिकॉप्टरात बसायचं हाय."

पंगतीत भात वाढताना ती माझ्यापाशी थांबली.

"पोचवला सायेब त्याला," ती म्हणाली. "देवाच्या पायाशी सोडून आले. आता मला बी घास जातोय."

मला बरं वाटलं. आमच्या धंद्यात असं समाधान फार बघायला मिळत नाही.

टीप आली ती त्यानंतर, शिळफाट्यावरून. यात्रा नेणाऱ्या माणसाचं ऑफिस तिथंच होतं, आणि तिथला एक पानवाला मला बातम्या द्यायचा. म्हणाला, "सायेब, तो यात्रावाला दुसरी तुकडी काढतोय. पासपोर्ट लागत नाय म्हनतो. हेलिकॉप्टर वरनं जातं, पासपोर्ट खालनं जानाऱ्यांना, असं सांगतोय लोकांना."

मी आधी हसलो, आणि मग हसू थांबलं. मानसरोवर हिमालयापलीकडे, चीनच्या ताब्यातल्या तिबेटात. वरून जा नाहीतर खालून, पासपोर्ट आणि चीनचा परवाना पाहिजेच. आणि पासपोर्टचा अर्ज केला की पडताळणी पोलीस ठाण्यात येते. ती बघणाऱ्या आमच्या गोपनीय शाखेच्या हवालदाराला विचारलं. तो म्हणाला, "त्या गावातनं यात्रेच्या आधी पडताळणीला एकही माणूस आलेला नाही, साहेब."

म्हणजे मी प्यायलो ते पाणी कुठलं होतं?

यात्रेला गेलेल्यांत एक निवृत्त गुरुजी होते, शहाणा माणूस. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो. त्यांनी दार लोटून घेतलं.

"मला तिथंच शंका आली होती," ते म्हणाले. "मानसरोवर म्हणजे समुद्रासारखं, पलीकडचा काठ दिसत नाही, असं मी मुलांना वर्गात शिकवलंय. हे तर आपल्या गावतळ्याएवढं. यात्रावाला म्हणाला, ढग आहेत म्हणून एवढंच दिसतंय."

"मग बोलला का नाही, गुरुजी?"

"सगळे लोटांगण घालून रडत होते हो. आणि आता तर मावंदं झालंय. गावानं तीर्थ घेतलंय, तुम्ही घेतलंय. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती उघडू नका."

घरोघर हाच जबाब मिळाला. चोरी झालेला माणूस चोरी झालीच नाही म्हणून हात जोडतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. फिर्याद कुणी देईना, आणि फिर्यादीशिवाय तो माणूस दुसरी तुकडी घेऊन निघाला असता. त्यात म्हातारी माणसं होती. वर ढगात काही बरंवाईट झालं असतं तर जबाबदार कोण?

शेवटी त्या बाईच्या दारात गेलो. मुलगा गेल्याचं तिला मीच सांगितलं होतं, आणि आता हेही मलाच सांगायचं होतं. ती सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. मी सांगत गेलो, तिचे हात चालूच राहिले. मग सूप खाली ठेवलं.

"ते मानसरोवर नव्हतं?"

"नाही, मावशी."

"मंग कुठलं तळं व्हतं ते?"

"ते त्या यात्रावाल्यालाच माहीत. त्याला धरला तर कळेल."

तिनं जांभळीकडे पाहिलं. मग म्हणाली, "लिवून घ्या माझी तक्रार. त्याला फाशी द्या नायतर सोडून द्या, मला काय करायचं नाय. मला तळ्याचं नाव आनून द्या. माझा पोरगा कुठं हाय तेवढं मला कळू दे."

मी आणून देतो म्हणालो. गुन्हा दाखल झाला. शिळफाटा आमच्या हद्दीत नाही, म्हणून शेजारच्या पोलीस ठाण्याला कळवून त्याला ऑफिसातूनच उचलला. दुसऱ्या तुकडीतली मंडळी ठाण्यावर चालून आली ती मला शिव्या द्यायला. त्यांची यात्रा पोलिसांनी बुडवली होती ना!

माणूस गोड बोलणारा, कपाळाला गंध. चौकशीत पहिला दिवस त्यानं देवाधर्मावर घालवला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तशा, त्या बाईचं कल्याण मीच केलं, म्हणे. माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा मोठ्या प्रश्नांची उत्तरं पाठ करून येतो आणि बारक्या प्रश्नाला अडतो. मी मानसरोवराचं नावच काढलं नाही. उतरलात तेव्हा वारा कुठून होता, बायकांनी पदर कसे सांभाळले, दिवा लागला का, असलंच विचारत राहिलो.

"दिवा कुठला लागतोय साहेब, वर पंखा चालू होता," तो बोलून गेला.

"पंखा चालू? बंद का नाही केला पायलटनं?"

पंखा चालू ठेवला म्हणजे लगेच परत उडायचं होतं, आणि कठीण प्रवास करून मानसरोवरी पोचलेल्या यात्रेकरूंना कुणी असं घाईनं परत नेत नाही. तिथून तो ढासळला. परवाना मिळणारच नव्हता. नेपाळात डोंगर दाखवायला हेलिकॉप्टर भाड्यानं मिळतं, ते त्यानं घेतलं. एका मोठ्या तळ्यावर उतरायचं ठरलं होतं. वाटेत ढगांनी गाठलं आणि पायलटनं मोकळी जागा दिसली तिथं टेकवलं. शेजारी पाणी होतं.

"कुठलं तळं ते?"

"माहीत नाही, साहेब."

मी टेबलावर हात आपटला. तो रडायला लागला.

"मारा हवं तर, पण खरंच माहीत नाही. मी पण पहिल्यांदाच गेलो होतो. पायलटला विचारलं, तर तो म्हणाला, असल्या तळ्यांना कोण नाव देतंय, उन्हाळ्यात आटतात ती."

गुन्हा उघडकीला आला होता. ठाण्यात सगळे खूश. मला मात्र त्या बाईला तळ्याचं नाव नेऊन द्यायचं होतं.

पायलटचा पत्ता काढायचा खूप प्रयत्न केला. परदेशचं प्रकरण, वरिष्ठांमार्फत पत्रं गेली, त्यांचं उत्तर माझ्या निवृत्तीपर्यंत आलं नाही. यात्रेकरूंच्या मोबाइलमधले फोटो पाहिले. पुढे हार घातलेली माणसं, मागे ढग, आणि कोपऱ्यात हातभर करडं पाणी. ते दुनियेतलं कुठलंही पाणी असू शकलं असतं.

पुढे कोर्टात एकेक साक्षीदार उभा राहिला आणि शपथेवर म्हणाला, आम्ही मानसरोवर पाहिलं. गुरुजीही तेच म्हणाले, माझ्याकडे न बघता. बाई तेवढी ठाम राहिली. आरोपीच्या वकिलानं तिला विचारलं, "ते मानसरोवर नव्हतं हे तुम्हाला कसं कळलं?"

"सायबांनी सांगितलं," ती म्हणाली.

वकील हसून खाली बसला. आरोपी सुटला.

मावंद्याचं तीर्थ हिनं बाटवलं, असं म्हणून गावानं तिच्याशी बोलणं कमी केलं. ती कर्जतला आली की ठाण्यात डोकावायची. "सापडलं का ओ तळं?" अंमलदारांना हे पाठ झालं होतं, तेच मान हलवायचे. निवृत्त होण्याआधी मी एकदा तिच्याकडे गेलो. अस्थींची ती पिशवी धुऊन तिनं पुन्हा जांभळीला टांगली होती, रिकामी. मी बघतोय हे पाहून म्हणाली, "तळं सापडंपर्यंत तो हितंच हाय असं म्हनायचं. न्हायतर कुठं हाय म्हनू?"

खरं शोधून काढलं की कुणाचं तरी भलं होतं, या समजुतीवर मी सगळी नोकरी केली. आजही तसाच प्रसंग आला तर मी फिर्याद घेईन, दुसरी तुकडी थांबवीन. पण कुणाचं भलं झालं असं मला कुणी विचारू नये. चोर सुटला, गावाचं तीर्थ बाटलं, आणि ज्या बाईनं मुलाला देवापाशी पोचवलं होतं तिचा मुलगा मी हरवून बसलो. या प्रकरणानं मला एवढंच शिकवलं, आणि हे शिकून काही उपयोग नाही.

घरात टीव्हीवर कधी हिमालय दाखवतात. घरचे म्हणतात, बघा, बर्फ किती सुंदर आहे. मी शिखरांकडे बघत नाही. खाली कुठं लहानसं पाणी दिसतंय का, तेवढं बघतो.