नाकाने सांगितलेला भाव

घर किती खोल्यांचं आहे, हे त्या बाईंनी कधी कुणाला विचारलं नाही. साफसफाईचा धंदा करणारे बाकीचे लोक आधी तेच विचारतात. खोल्या किती, संडास किती, खिडक्या किती, आणि मग बोटांवर हिशोब करून आकडा सांगतात. कंपनीवाले तर हल्ली टेप घेऊन येतात आणि कपडा मोजावा तसं घर मोजतात. बाई मात्र दारात उभ्या राहायच्या, डोळे मिटायच्या आणि श्वास घ्यायच्या. एक श्वास दारात, दुसरा स्वयंपाकघरात सिंकखाली वाकून, तिसरा न्हाणीघराचं दार आतून लावून. तीन श्वास झाले की भाव निघायचा. तोही पैशांत नाही, दिवसांत. "दीड दिवसाचं घर आहे," किंवा "तीन दिवस लागतील." बाई आणि त्यांची जोडीदारीण, दोघींची दिवसाची मजुरी ठरलेली होती, ती गिऱ्हाइकाला आधीच माहीत असायची. दिवस कमी लागले तरी पैसे तेवढेच, जास्त लागले तर तो बाईंचा तोटा. एकदा निघालेला भाव त्या बदलायच्या नाहीत. म्हणून सगळी गंमत होती ती दिवस बरोबर सांगण्यात, आणि ते काम त्यांचं नाक करायचं. लोक त्यांना नाकवाल्या बाईच म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं.

एकदा एका घरच्या मालकिणीने बाई भाव सांगायला येणार म्हणून आदल्या दिवशी स्वतःच घर घासून काढलं. वर सुगंधी फवारा मारला, खिडकीत फुलं ठेवली. दीड दिवसात काम भागेल असा तिचा डाव. बाईंनी तीन श्वास घेतले आणि म्हणाल्या, "तीन दिवस. आणि मांजर कुठे आहे?"

"आमच्याकडे मांजर नाही," मालकीण फणकारली.

"तुमच्या आधी जे राहत होते, त्यांच्याकडे असेल. पलंगाखाली गालिचा आहे ना, तिथे."

मालकिणीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण पलंग सरकवला, गालिचा उचलला आणि तिचं तोंड एवढंसं झालं. असं नाक होतं ते.

बाईंच्या जोडीला त्यांची नणंद होती. दोघींना एकमेकींशी बांधणारा माणूस, म्हणजे एकीचा नवरा आणि दुसरीचा भाऊ, अकरा वर्षांपूर्वी वारला होता, तरी दोघी एकाच खोलीत राहत होत्या. नणंदेने लग्न केलं नव्हतं. ती आधी एका दवाखान्याच्या धुलाईखात्यात होती. पक्की नोकरी, महिन्याच्या महिन्याला पगार, म्हातारपणी थोडीफार पेन्शन. बाईंनीच तिला तिथून ओढून काढलं. "परक्यांच्या चादरी उकळत मरायचंय का तुला? माझं नाक आणि तुझे हात, कुणाची बिशाद आहे आपल्यापुढे!" आणि पहिली सहा-सात वर्षं खरोखरच कुणाची बिशाद नव्हती. एका एजंटाने चाळीस फ्लॅटची आख्खी इमारत त्यांच्याकडे सोपवली होती. भाडेकरू सोडून गेला की तो फ्लॅट या दोघी साफ करणार, भाव बाई सांगणार. दोघींचं पोट त्या एका इमारतीवर चालायचं. नाही म्हणायला सुटी कामं मिळत, पण ती चहासाखरेपुरती.

मग तो दिवस आला. बाईंना सणसणीत सर्दी झाली होती. भाव त्यांनी आठवडाभर आधी, नाक धड असताना सांगितला होता, दोन दिवसांचा, आणि दुसऱ्या दिवसाची दुपार झाली तरी न्हाणीघर बाकी होतं. नणंदेने संडासात ब्लीच ओतून ते भिजत ठेवलं आणि ती ओटा घासायला गेली. बाई आत गेल्या, पिवळे डाग पाहिले आणि अ‍ॅसिडची बाटली उपडी केली. या दोन गोष्टी एकत्र आणायच्या नाहीत, हे या धंद्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. बाई तर नव्या माणसाला पहिला धडा हाच द्यायच्या. पण ब्लीच पडलेलं त्यांना एरवी तीन खोल्यांवरून कळलं असतं, म्हणून विचारायची सवयच नव्हती. आणि त्या दिवशी नाक चोंदलेलं.

हिरवट वाफ वर आली. बाई कोसळल्या. नणंद धावत आली, त्यांना काखेत धरून ओढायला लागली, बाई जड अंगाच्या, उंबऱ्यात अडकल्या. तिने पुन्हा आत जाऊन खिडकी उघडली, पाणी सोडलं, आणि मग त्यांना बाहेर काढलं. दोघी जिन्यात बसून रक्त येईस्तोवर खोकल्या. पंधरा दिवस खोकला पुरला. मग तो गेला, सर्दीही गेली.

वास मात्र परत आला नाही.

बाईंनी कांदा हुंगला, रॉकेल हुंगलं, स्वतःच्या घामेजल्या ब्लाउजची काख हुंगली. काही नाही. जिभेवर खारट, तिखट तेवढं कळे, बाकी सगळा भुसा. डॉक्टर म्हणाला, येईल कदाचित, कदाचित नाही. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. नणंदेला तर मुळीच नाही. तिने यांच्या नाकाच्या भरवशावर पक्की नोकरी सोडली होती, तिला काय तोंडाने सांगायचं? रात्री कूस बदलून त्या गपचूप रडायच्या आणि सकाळी तोऱ्यात निघायच्या.

भाव सांगायला तर जावंच लागायचं. बाईंनी तोड काढली. दारात उभं राहून डोळे मिटायचं नाटक करायचं, पण पापणी किलकिली ठेवून नणंदेचा चेहरा बघायचा. तिच्या कपाळावर आठी दिसली की दिवस वाढवायचा. चेहरा शांत असला तर कमी. आपलं नाक गेलं म्हणून काय झालं, नणंदेचं आहे की. नणंदही हल्ली भाव सांगताना बाईंच्या तोंडाकडे टक लावून बघायची. बाईंना वाटायचं, कौतुकाने बघते.

त्यातून भाव चुकायला लागले. एक फ्लॅट दीड दिवसाचा सांगितला, चार दिवस लागले. सिंकमागे उंदीर मरून वाळला होता. दुसऱ्याला तीन दिवस सांगितले आणि काम दुपारी जेवायच्या आधी आटोपलं. पहिल्यात दोघींच्या नाकी नऊ आले, दुसऱ्यात एजंट भडकला.

"बाई, तुमच्या नाकावर माझा विश्वास होता," तो म्हणाला. "आता मालकाला काय सांगू, नाकाला वाटलं म्हणून? कंपनीवाला रोज फोन करतोय. फुटावर भाव देतो, कागदावर लिहून देतो. अजून एक भाव चुकला ना, तर इमारत त्याला देऊन टाकीन. वाईट वाटून घेऊ नका."

बाईंनी मान वर केली. "चुकणार नाही." आणि खाली आल्यावर कठड्याला धरून उभ्या राहिल्या. इमारत गेली तर नणंदेपुढे काय उरणार होतं? धुलाईखात्यात तिच्या जागेवर केव्हाच दुसरी आली होती, आणि पन्नाशीच्या बाईला नव्याने पक्कं कोण ठेवतं?

महिन्याभराने एजंटाचा फोन आला. चौथ्या मजल्यावरचा म्हातारा भाडेकरू वारला, सामान हलवून झालंय, या बघायला. दोघी गेल्या. एजंट जिन्यातच उभा राहिला, हातातला फोन दाखवत म्हणाला, "मला जरा बोलायचंय. तुम्ही बघून घ्या."

दार उघडं होतं. बाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. फरशी पुसलेली, भिंती बऱ्या, गादी-पलंग नेलेले. खिडकीच्या काचेवर माश्या होत्या बऱ्याच. कचऱ्याचा डबा राहिला असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी श्वास घेतला, पापणी किलकिली केली. नणंद त्यांच्याकडेच बघत होती, चेहऱ्यावर रेघ नाही. सिंकखाली वाकल्या, तिथेही तेच. न्हाणीघरात दोघी गेल्या, दार लावलं, नणंदेचा चेहरा तसाच स्वच्छ. बाईंचा जीव भांड्यात पडला.

"दीड दिवस," बाहेर येऊन त्या म्हणाल्या.

एजंटाने फोन कानावरून खाली घेतला. "दीड? नक्की?"

"माझा भाव एकदाच निघतो."

तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग घाईघाईने म्हणाला, "ठीक आहे, ठीक आहे. दीड तर दीड." आणि दोन-दोन पायऱ्या उतरत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी कामाला लागल्या. खिडक्या वाऱ्याने आपटत होत्या म्हणून लावून घेतल्या. आतल्या खोलीत पलंग होता त्या जागी फरशीवर, काल उंबऱ्यातून दिसला नव्हता असा, मोठा काळपट डाग होता, कडेने चिकट. तेल सांडलं असावं म्हणून बाई गुडघ्यांवर बसून घासत होत्या, ब्रश बुडवत होत्या, पुन्हा घासत होत्या. डाग फरशीच्या सांध्यांतून खाली मुरला होता. नणंद शेजारी बसून पटाशीने सांधे उकरत होती. मध्ये दोघींनी तिथेच भिंतीला टेकून डबा खाल्ला. भाजी बरी झालीय, असं दोघी एकमेकींना म्हणाल्या.

दुपारी समोरच्या फ्लॅटमधली मुलगी दारात आली. तोंडाला ओला टॉवेल घट्ट दाबलेला, डोळ्यांत पाणी.

"अहो काकू, निदान खिडक्या तरी उघडा! आमच्या घरात बसवत नाहीये. तुम्ही आत कशा बसलाय?"

"का गं? काय झालं?" बाईंनी विचारलं.

मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. "तुम्हाला सांगितलं नाही? आजोबा नऊ दिवस आत पडून होते. वासामुळेच कळलं सगळ्यांना. ते इथेच..." तिने बाईंच्या हातातल्या ब्रशकडे बोट केलं, आणि टॉवेल तोंडात कोंबून ती ओकारी दाबत पळाली.

बाईंच्या हातून ब्रश गळून पडला. पण धक्का म्हाताऱ्याचा नव्हता. त्या हळूहळू वळल्या आणि त्यांनी नणंदेकडे पाहिलं. नणंद पटाशी हातात धरून तशीच बसली होती, तोंड पांढरंफटक.

"तुला..." बाई म्हणाल्या. "तुला येत नाहीये?"

नणंदेने मान हलवली. नाही.

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. त्या दिवशी मी खिडकी उघडायला परत आत गेले ना, तेव्हापासून." तिने पटाशी खाली ठेवली. "वहिनी, ब्लीच मी ओतलं होतं. तुम्हाला सांगायचं राहिलं. मला वाटलं, माझं नाक गेलं तर गेलं, तुमचं आहे ना. मी तुमच्या तोंडाकडे बघून आठी घालायचे. तुम्हाला कळू नये म्हणून."

बाईंना हसू आलं असतं, दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर. आठ महिने दोन बायका एकमेकींच्या कपाळावरच्या आठ्या वाचून घरांचे भाव ठरवत होत्या, आणि आठी मुळात कुणाचीच नव्हती. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, तुझा दोष नाही गं, असं काहीतरी. पण त्या नणंदेजवळ सरकल्या आणि तिचं डोकं छातीशी धरून बसून राहिल्या, त्याच फरशीवर.

काम सोडून मात्र आल्या नाहीत. भाव दिला होता. दीड दिवसाचे साडेतीन दिवस झाले, फरशीचे सांधे नव्याने भरले, भिंती चुन्याने घासल्या. चौथ्या दिवशी दुपारी एजंट आला, या खेपेला नाकाला रुमाल लावून. त्याला समोरच्या मुलीने सगळं सांगितलं होतं.

"मला तेव्हाच शंका आली होती," तो म्हणाला. "पाच-सहा दिवस सांगाल असं धरून चाललो होतो मी." मग त्याला स्वतःचीच लाज वाटली असावी, कारण तो जमिनीकडे बघत म्हणाला, "कंपनीवाल्याशी बोलतो तुमच्यासाठी. तासावर बायका लागतात त्याला. तिथे भाव वगैरे सांगायला लागत नाही, सांगतील ते पुसायचं."

"हिला एकटीला घेतील का?" बाईंनी विचारलं. "मी नाही आले तरी चालेल."

"तासावर चाळिशीच्या आतल्या घेतात, बाई. तरी विचारतो." तो विचारणार नव्हता, हे तिघांनाही समजलं.

परतताना बस बरीच भरलेली होती. दोघींना मागे जागा मिळाली. पहिल्याच थांब्यावर शेजारचा माणूस उठून पुढे गेला. मग समोरची बाई उठली, पोराला ओढत. मग खिडकीजवळचे दोन विद्यार्थी. पुढे लोक एकमेकांना चिकटून, दांड्याला लोंबकळत उभे होते, आणि मागच्या चार रांगांमध्ये या दोघीच बसल्या होत्या. कंडक्टरने तिकिटाचे पैसे हात लांब करून घेतले. नणंदेने पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. तीन थांबे आधीच दोघी उतरल्या आणि चालत घरी आल्या.

खोलीत शिरल्यावर त्यांनी कपडे बादलीत बुडवले आणि आळीपाळीने अंघोळ केली. एकदा केली, मग पुन्हा केली. अंगाच्या साबणाने भागेना म्हणून कपड्यांचा साबण घेतला, तोही संपत आला तेव्हा फरशीचं फिनेल पाण्यात टाकलं. हात लाल होऊन सोलवटले. किती धुतलं म्हणजे पुरे, हे कसं ठरवायचं? उद्या कामाच्या शोधात कुणाच्या तरी दारात उभं राहायचं होतं, आणि त्या घरातल्याने तोंड फिरवलं तर ते का, हेही यांना कळणार नव्हतं.

बाईंनी ओला हात पुढे केला. "गेला का गं वास?"

नणंदेने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला, नाकाशी नेला, डोळे मिटून खोल श्वास घेतला.

"गेला, वहिनी," ती म्हणाली.

बाईंनी मान डोलावली, आणि साबणाचा उरलेला तुकडा उचलून त्या पुन्हा मोरीत जाऊन बसल्या.