शेवटचं पेर

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. आमच्या कपाटात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात मेणबत्त्यांची थोटकं आहेत. वीज गेली तरी त्यांना मी कुणाला हात लावू देत नाही, एवढंच घरात ठाऊक आहे. ती थोटकं सालोमीबाईंची.

साठ सालानंतर मी म्हसवडहून सांगलीला कारकुनीवर आलो आणि विश्रामबागेत त्यांच्या मागल्या खोलीत भाड्यानं राहिलो. बाई पन्नाशीच्या, विधवा, मूळच्या आमच्याच माण भागातल्या. दवाखान्यातल्या नर्सांचे गणवेश शिवायच्या. दिवेलागणीला त्यांचं मशीन थांबायचं. मग त्या बल्ब बंद करत, टेबलावर बशीत मेणबत्ती उभी करत आणि वरून बोटाच्या एका पेराएवढं अंतर सोडून तिच्यावर नखानं खूण ओढत. मेण त्या खुणेपर्यंत जळेस्तोवर बसायचं. तेवढ्या वेळात एकाच माणसाचं नाव घेऊन त्याच्यासाठी देवाकडं मागायचं. आणि तो माणूस आपल्याला दुखावून गेलेलाच असला पाहिजे, असा त्यांचा नियम.

"आपल्या माणसांसाठी नाही मागायचं?" मी सुरुवातीला विचारलं होतं.

"त्यांच्यासाठी मशीन चालवता चालवता मागते की. गोड माणसाचं नाव घ्याया मेणबत्ती कशाला जाळायची?"

"आणि बल्ब का बंद?"

"बल्बात सारी खोली दिसती, रं. भांडी, कापडं, ऱ्हायल्यालं काम. हिच्या उजेडात येकाचंच त्वांड दिसतं. बगावंच लागतं."

प्रार्थनेला बसल्या की बाईंची बोलीच बदलायची. "हे दयाळू पित्या, तुझा सेवक बाबू दूधवाला याजवर कृपा कर, आणि त्याच्या म्हशीस आरोग्य दे." दुधातल्या पाण्याचा उल्लेख नसायचा. आमेन झालं की जिभेला बोटं लावून त्या वात चिमटीत विझवत. फुंकर कधीच नाही. "ज्या त्वांडानं नाव घेतलं, त्याच त्वांडानं विझवायची न्हाई." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाबूशी दारात भांडायच्या, ते वेगळं.

माझा थोरला भाऊ रामा. त्यानं मला न विचारता घरची मेंढरं विकली होती आणि मी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. बाईंना हे ठाऊक होतं. एका संध्याकाळी त्यांनी बशी माझ्याकडं सरकवली.

"घे रामाचं नाव."

"मी तुमच्या धर्मातला नाही."

"रामा तरी कुठं हाय?"

मी उठून खोलीत गेलो. भिंतीपलीकडून ऐकू आलं, "हे पित्या, तुझा सेवक रामा..." पुढं कितीतरी वेळा आलं. मी एकदा चिडून विचारलं, तर म्हणाल्या, "तुला जमंना, म्हणून मी घेते. तुला जमंस्तवर."

पण प्रत्येक मेणबत्तीचं शेवटचं पेर त्या जाळत नसत. ते थोटूक डब्यात जायचं. मला वाटायचं, काटकसर. नाताळात मी सहज विचारलं तेव्हा त्यांनी सुईत दोरा ओवता ओवता सांगितलं, "ते दान्याचं हाय."

दानिएल म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, साताऱ्यात चर्चच्या पंचांपैकी एक. बाईंच्या नवऱ्यानं बाप्तिस्मा घेतला नव्हता. तो गेला तेव्हा कबरस्तानात जागा द्यायला सगळ्यांत आधी नकार दिला तो दानिएलनं. नवऱ्याला दुसरीकडं माती देऊन बाई सांगलीला आल्या. "दर मेणबत्तीचं येक पेर ठिवते त्याच्यासाठी. पर जीबच उचलत न्हाई," एवढं बोलून त्यांनी मशीन सुरू केलं.

दशक सरता सरता बाई दवाखान्यात पडल्या, त्या उठल्या नाहीत. एका दुपारी त्यांनी माझं मनगट धरलं.

"सदा, आज घरी जाऊन डब्यातलं येक थोटूक लाव. दान्याचं नाव घे. मी रामाचं घेत हुते तुज्या वतीनं, तसं माज्या वतीनं घे."

मी संध्याकाळी लावलं. बल्ब बंद केला. दानिएलला मी पाहिलेलंही नव्हतं. त्याचं नाव ओठांवर आणलं, तर त्या उजेडात रामाचं तोंड दिसायला लागलं. एकदा का दुसऱ्याच्या भावाचं नाव घेतलं, की माझ्या भावाचं घ्यायचं टळणार नव्हतं. मी वाकलो आणि फुंकर मारली.

सकाळी त्यांनी विचारलं, "घेतलंस?"

"घेतलं."

"लय बरं झालं." त्या भिंतीकडं कुशीवर वळल्या. त्याच आठवड्यात गेल्या.

दफनाला दानिएल आले. ठेंगणे, गळपटलेले गृहस्थ, इस्त्रीचा कोट. लोक पांगल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "तुम्ही शेवटपर्यंत जवळ होता म्हणे. अक्कानं माझं नाव काढलं का हो?"

मला त्या क्षणी बाईंचा नवरा आठवला आणि मेंढरंही आठवली. मी म्हणालो, "नाही."

त्यांनी मान हलवली, जणू हे उत्तर ते साताऱ्याहून निघतानाच सोबत घेऊन आले होते. मग खाली बसून कबरीवरचं एक ढेकूळ हातानं फोडून सारखं केलं आणि स्टँडकडं चालू लागले.

मरणाऱ्या बाईला मी घेतलं म्हणालो आणि त्यांच्या जगणाऱ्या भावाला नाही म्हणालो. पुढं रामाही वारला. त्याचं नाव मी त्या उजेडात कधी घेतलं नाही.

दानिएल अजून आहेत. साताऱ्यात मुलीकडं असतात, डोळ्यांना दिसत नाही म्हणतात. तुमच्या अक्कानं तुमचं नाव घ्यायला सांगितलं होतं, आणि ते मी घेतलं नाही, हे त्यांच्यासमोर बसून सांगण्याचं देणं मी त्यांना लागतो.