जावयाची माणसं

डॉक्टर बादू म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. आमच्या घराण्यात शेवटचा शब्द मामाचा, आणि त्वुमासी मामाला हा जावई पहिल्या दिवसापासून खटकला. स्वभावाला काही नावं ठेवायला जागा नव्हती. पण मागेपुढे कुणी नाही, हे मामाला पटेना. समुद्रकाठच्या कुठल्याशा मिशनच्या शाळेत वाढलेलं पोर, आई ना बाप, आत्या ना मावशी. आमच्यात लग्न एका माणसाशी लागत नाही, त्याच्या सगळ्या माणसांशी लागतं. मामाने तोंडावर विचारलं होतं, तुझी माणसं कोण?

तेव्हा भावोजींनी डॉक्टरांची संघटना आणली. आमच्या भागातल्या डॉक्टरांची असते ती. त्यातले चार म्हातारे डॉक्टर हातात दारूच्या बाटल्या घेऊन, भावोजींचे वडीलधारे म्हणून आमचं दार ठोठावायला, म्हणजे मुलगी मागायला आले. रीत झाली, बाटल्या घेतल्या, मामाला नाही म्हणता आलं नाही. पण मनातून त्याने ते कधी मान्य केलं नाही. नोकरीतले लोक म्हणजे काय रक्ताचे का, असं तो ताईच्या देखत म्हणायचा.

भावोजींनी मात्र त्या दिवसापासून संघटनेला जीव लावला. बाकीचे डॉक्टर तिथे जात ते बदल्यांसाठी, सरकारशी भांडायला, नव्या औषधांवरची व्याख्यानं ऐकायला. तेही लागतंच म्हणा. भावोजींनी मागून घेतलं ते कुणालाच नको असलेलं काम, सुखदुःख सचिवाचं. सुख नावापुरतंच. कुणा डॉक्टरच्या घरचं कुणी वारलं, की जवळच्या कुणीतरी भावोजींना कळवायचं. मग यांनी एकेकाला फोन करायचा, बस ठरवायची आणि सगळ्यांना एका छापाच्या काळ्या कापडात नेऊन त्या घरापुढे उभं करायचं. ज्याच्या घरचं माणूस गेलंय त्याने स्वतः कुणाला बोलवायचं नाही, हा नियम यांनीच घातलेला. रडणाऱ्या माणसाला फोन करायला लावू नये, म्हणायचे. ताई चिडवायची, माझा नवरा जित्या माणसांचा डॉक्टर की मेलेल्यांचा, तेच कळत नाही.

निवृत्त झाल्यावर दोघं आमच्या गावी येऊन राहिली. मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी भावोजी मुसळ घेऊन उकडलेल्या कंदांचं फुफू कांडायचे आणि ताई उखळात हात घालून गोळा फिरवायची, बोट चेचलंत तर जेवण विसरा म्हणून दम देत. सचिवपद तेवढं सुटलं नव्हतं, कारण ते घ्यायला कुणी पुढेच येईना.

आणि मग ताईच गेली. लिव्हरचं दुखणं निघालं आणि बघता बघता आटोपलं. रीतीप्रमाणे अंत्यविधी काही आठवड्यांनी, एका शनिवारी ठरला. भावोजी रोज अंगणात फोन मांडीवर घेऊन बसायचे. मला वाटलं, चाललंय यांचं सगळ्यांना कळवणं. एकदा विचारलं, कितीजण येतायत, खुर्च्या किती सांगू? तर म्हणाले, अजून कुणाला कळवलेलं नाही.

"मग त्यांना स्वप्न पडणार आहे का?" मी म्हटलं.

"अबेना, ज्याच्या घरचं गेलंय त्याने बोलवायचं नसतं."

"अहो भावोजी, पण कळवणारे तुम्हीच ना!"

"एकदा लावला होता," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तुझ्या ताईचं नाव घ्यायची वेळ आली आणि ठेवून दिला. मला नाही जमायचं ते."

माझं डोकंच फिरलं. फोन हिसकावला आणि संघटनेच्या अध्यक्षालाच लावला. म्हटलं, डॉक्टरसाहेब, तुमच्या एका सदस्याची बायको गेली. मोठा गोड बोलला हो मेला. फार वाईट झालं म्हणाला, मी आत्ता मीटिंगमध्ये आहे, तुम्ही बादूंना कळवा, ते सगळं अगदी व्यवस्थित बघतात. आणि ठेवलाही. कुणाची बायको, एवढंसुद्धा विचारलं नाही त्याने. पुन्हा लावला तर उचलेना, मग बंदच लागायला लागला. भावोजी शेजारीच बसून सगळं ऐकत होते. म्हणाले, राहू दे, आणि दुसऱ्या कुणाला लावूच दिला नाही.

तरी शनिवारी मी जावयाच्या माणसांसाठी वेगळा मांडव घातला. खुर्च्या ओळीने लावल्या. वेडी आशा, दुसरं काय. चर्चची मंडळी आली, बाजारातल्या कंदवाल्या बाया आल्या, ताईच्या शाळेतली आली. लाऊडस्पीकरवर एकेका गटाचं नाव पुकारलं जायचं, गट रांगेने यायचा, घरच्यांचे हात हातात घ्यायचा. तो मांडव रिकामाच. येणारे जाणारे तिकडे बघायचे आणि मग भावोजींकडे. ऊन कलायला लागलं तसा मामा सुतकाचं लाल कापड सावरत उठला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "जावईबापू, तुमची माणसं वाट चुकली की काय? कुणीच नसेल तर तसं सांगा, आटपून घेऊ."

मला मामाच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. भावोजी उठून घरात गेले. बाहेर आले ते संघटनेचं कापड पांघरून. आमच्या बाजूला आलेच नाहीत. सरळ त्या रिकाम्या मांडवात गेले, पुढच्या ओळीतल्या कडेच्या खुर्चीत बसले आणि पुकारणाऱ्या पोराला हात केला. पोर गांगरलं, पण त्याने पुकारलं, डॉक्टरांची संघटना.

भावोजी उठले. एकट्याची रांग. उजवीकडून सुरुवात करून आमचा एकेकाचा हात हातात घेत, मान लववत पुढे सरकले. रडले नाहीत. पुन्हा आपल्या मांडवात जाऊन बसले. आता आलेल्यांना घरच्या वडीलधाऱ्याने विचारायचं असतं, येणं कशासाठी केलंत. सगळं अंगण मामाकडे बघायला लागलं. विचारणं त्याला भागच होतं.

"कशासाठी आलात?" मामा म्हणाला. आवाज खाली आला होता.

भावोजी उभे राहिले. "आमच्यातला एक आहे, बादू," ते म्हणाले. "त्याची बायको गेली. त्याला दुसरं कुणी नाही. म्हणून आलो."

  घरच्या माणसांनी पाहुण्यांच्या मांडवात बसायची आमच्यात रीत नाही. मी उठले, तिकडे गेले आणि भावोजींच्या शेजारच्या खुर्चीत बसले.