उकिरड्यावर ओतलेलं दूध

जनावरांच्या दवाखान्यात चौदा वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. माझ्याकडे मात्र डोकं फिरवणारेच साठलेत, त्यातही कासदाहाचे. गाईची कास सुजली की आमच्या दिघोरीकडे प्रत्येक जण डॉक्टर असतो, फक्त मी सोडून.

*

मनोहरच्या गाईच्या दुधात थोड्या गाठी आल्या. ताप नाही, चारा व्यवस्थित खात होती. म्हटलं, अँटिबायोटिक नको, दिवसातून तीन-चारदा कास पूर्ण रिकामी कर, मी रोज बघून जातो. गाय तीन दिवसांत बरी झाली. आणि हा गावभर सांगत सुटला, "साहेबानं सुईच नाई देल्ली. फुकटचा पगार घेऊन राहिले."

*

मग सिंधूबाईंची गाय. घरात दुभतं ते एकच. कास दगडासारखी, अंगात ताप, दुधात रक्त. चार दिवस नुसती हळद चोळली होती. मी भडकलो, "आधी काहून नाही आणली?"

"मनोहरले तुमीच म्हणलं ना, सुई नाई लागत?"

पाच दिवस इंजेक्शनं दिली. बजावलं, औषध सुरू आहे तोवर आणि नंतरही चार दिवस दूध विकायचं नाही.

*

ते ऐकून दूध संकलन केंद्राचे दिवाकरभाऊ म्हणाले, "ओत ना वो बाई कॅनमंदी. एवढ्या दुधात कोनाले दिसते?"

माझा तोल गेला. "लोकांची लेकरं पितात ते. उद्या त्यांना औषधं लागू पडणार नाहीत. असलं दूध विरजतसुद्धा नाही, भाऊ!" ते हसले. बाई मात्र रोज दूध उकिरड्यावर ओतत राहिल्या.

*

दिवाकरभाऊंच्या स्वतःच्या चार गाई. मला कधी बोलावत नाहीत. मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या ट्यूबा आणतात, सडात पिळतात, दुसऱ्या दिवशी सूज उतरली की उरलेल्या ट्यूबा शेजाऱ्याला. आणि शेजारी कौतुकानं घेतो, याचाच जास्त राग येतो.

*

नातीच्या बारशाच्या दिवशी हेच दिवाकरभाऊ दुधानं भरलेला मोठा गंज घेऊन दवाखान्यात हजर. "साहेब, कढीसाठी काल विरजण घातलं. दूध तसंच हाय. घरच्याच गाईचं हाय वो."

सिंधूबाई गाय दाखवायला आल्या होत्या. चारही सडांतून स्वच्छ दूध येत होतं. त्यांनी गंजात डोकावून पाहिलं.

"भाऊ, माह्या गाईचं तं म्या नऊ दिवस उकिरड्यावर ओतलं. हे तुमी घरात कायले ठेवलं?"