सातपाटीला, आईचं लुगडं पाहायला

मंगळवारी आई गेली. पुढच्या आठवड्यात मामेभावाची बायको नीलम बोईसरला आली आणि आईचं एक लुगडं सातपाटीच्या कोळी पोशाखांच्या संग्रहासाठी मागून घेऊन गेली. बाकीची आईने आधीच वाटून टाकली होती. तेवढं एकच उरलं होतं.

चार महिन्यांनी संग्रह उघडल्याचं कळलं. मी एसटीने पालघर आणि तिथून रिक्षाने सातपाटी गाठलं. लुगडं पुतळ्याला नेसवलंय म्हणे; आई उभी असल्यासारखी दिसेल, एवढ्यासाठी निघाले होते. रिक्षावाल्याने मात्र पार बंदरावर सोडलं. वलांड्यांवर (बोंबील वाळवायचे बांबूचे मांडव) बोंबील लटकत होते. त्यांच्यामधून वाट काढताना मी एकदा कुणाच्या तरी अंगणातच शिरले.

संग्रह म्हणजे नीलम सांभाळते त्या दोन खोल्या. पेटीत जुन्या चोळ्या, लग्नातल्या टोप्या, होडीवर जाताना पुरुष कमरेला बांधत तो रुमाल. कोपऱ्यात आईचं चौकड्यांचं लुगडं. पण ते पुतळ्याला घोट्यापर्यंत गोल गुंडाळलेलं होतं. आई जन्मभर कासोटा घालून गुडघ्यापर्यंतच नेसली. ही आई नव्हती.

"साडीच्या दुकानातले पुतळे आहेत, ताई," नीलम ओशाळून म्हणाली. "कमरेखाली नुसती दांडी. कासोटा घालणार कुठून?"

"मग मी ते घरी नेते," मी म्हणाले.

दारात टोपली ठेवून हिराबाय टेकल्या होत्या. मासळीबाजारात त्या आईच्या शेजारी बसत.

"बरोबर बोलते पोरगी. ही बाय बाजारात जायाची कशी? हिला पायच नाय!"

नीलमला हसू आलं. होड्या बांधणारा सुतार लाकडी पाय करून देईल, म्हणाली, पण कासोट्याला पाय किती फाकलेले हवेत, हे त्याला कोण सांगणार?

हिराबायनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ही उबी राहील. आयचाच बांधा हाय."

जुनं कापड अंगावर ताणलं तर विरतं, म्हणून त्यांनी घरून स्वतःचं धुतलेलं लुगडं आणलं. आतल्या खोलीचं दार लावलं.

"पाय लांब ठेव गो, मास्तरीणबाय! वर्गात उबी हायस काय?"

त्यांनी कासोटा मागे ओढून खोचला. नीलम टेपने मापं घेत होती. लुगडं गुडघ्याशी थांबलं. खाली माझ्या पोटऱ्या उघड्या होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. त्या आईच्या होत्या.

"आता चाल बघू. हलू! डोक्यावरची मासली सांडंल."

मी दारापर्यंत गेले, परत आले. मग त्यांनी सगळं सोडायला लावलं आणि पुन्हा नेसवलं. चौथ्या वेळी त्या नुसत्या बसून तोंडाने सांगत होत्या आणि मी नेसत होते. दुपारी त्यांच्याच घरी तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलांचं कालवण जेवले.

परतीच्या एसटीत वाटलं, आई रोज माझ्यासमोर नेसायची. मी तेव्हा पुस्तकात डोकं घालून असायचे. ती शिकवायला तयार नव्हती असं नाही. मी विचारलं नव्हतं.

लुगडं मी आणलं नाही. सुताराकडे पाय तयार होत आहेत. घरी आईचं कापड एकही नाही. मला कासोटा घालता येतो.